सहा बोये आणि आखडत जाणारा दोर

स्लॅलम वॉटर स्कीइंगमध्ये खेळाडू, म्हणजे स्कीअर, पायांना स्की नावाची लांब फळी बांधतो, मोटारबोटीला जोडलेल्या दोराचे हँडल धरून पाण्यावरून ओढला जातो आणि वाटेतल्या बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यांना, वळसे घालत जातो. या स्पर्धेचा निकाल लावलेला कागद जो पहिल्यांदा वाचतो, त्याला त्यातले काहीच कळत नाही. नावापुढे ‘१०.७५ वर ३’ किंवा ‘१२ वर ५.५’ असे काहीतरी लिहिलेले असते. सेकंद नसतात, मीटर नसतात, कोण कोणाच्या किती पुढे होता याचाही पत्ता नसतो. आणि तरीही तो आकडा दुसऱ्या कोणत्याही देशातल्या, कोणत्याही तलावावरच्या स्कीअरला दाखवला, तर समोरचा माणूस कोणत्या पातळीचा आहे, तो कुठे अडखळला आणि पुढच्या वर्षी त्याला काय साधायचे आहे, हे त्याला क्षणात समजते. एवढे सगळे सांगू शकणारा आकडा तयार कसा होतो, आणि त्यावर विश्वास ठेवता यावा म्हणून किती माणसे दिवसभर तलावाकाठी राबतात, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम पाण्यावर काय मांडलेले असते ते पाहू. स्लॅलमचा कोर्स २५९ मीटर लांबीचा असतो. सुरुवातीला बोयांच्या जोडीने केलेले प्रवेशद्वार असते आणि शेवटी तसेच बाहेर पडण्याचे दार असते. या दारांची रुंदी अवघी अडीच मीटर असते. मधल्या भागात सहा बोये असतात, तीन उजवीकडे आणि तीन डावीकडे, एकाआड एक. पहिला बोया दारापासून २७ मीटरवर, त्यानंतरचा प्रत्येक बोया पुढे ४१ मीटरवर, आणि सहाव्यानंतर बाहेरचे दार पुन्हा २७ मीटरवर. कोर्सच्या मधून बोट सरळ रेषेत जाते. तिच्यासाठीही दुतर्फा बोयांच्या जोड्या असतात आणि त्यांच्यातले अंतर असते २.३ मीटर. स्कीअरला ज्या सहा बोयांना बाहेरून वळसा घालायचा असतो ते मात्र या मधल्या रेषेपासून ११.५ मीटर बाजूला असतात. म्हणजे एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत जाताना त्याला ४१ मीटर पुढे तर जायचेच असते, पण त्याच वेळात २३ मीटर आडवेही कापायचे असते, आणि तेही बोटीमागे उठणाऱ्या लाटा ओलांडून.

पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर असतो आणि स्त्रियांच्या गटात ताशी ५५ किलोमीटर. ताशी ५८ किलोमीटर वेगाने २५९ मीटरचा कोर्स १६.०८ सेकंदांत संपतो. एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत मिळणारा वेळ अडीच सेकंदांपेक्षा किंचित जास्त भरतो. या अडीच सेकंदांत वळण पूर्ण करायचे, स्की पाण्यात तिरपी रोवून जोर लावायचा, लाटा ओलांडायच्या, स्कीची कड बदलायची, वेग मोडायचा आणि पुढचे वळण घ्यायचे असते. यातले काहीही थोडे लांबले तर पुढचा बोया उशिरा येतो, त्याच्या पुढचा आणखी उशिरा. स्कीअर बोलताना ‘लवकर’ आणि ‘उशीर’ हे दोन शब्द सतत वापरतात ते याच अर्थाने. जो बोयाच्या थोडे आधीच रुंदीला पोहोचलेला असतो त्याला वळण निवांत घेता येते, आणि जो उशिरा पोहोचतो तो बोया मागे गेल्यावर घाईने वळतो, दोर सैल पडतो, मग बोट त्याला हिसका देऊन ओढते. असा हिसका एकदा बसला की पुढचे दोन बोये तो फेडण्यातच जातात.

आता या खेळाच्या गाभ्याकडे येऊ. स्कीअर सहाही बोये पार करून बाहेरच्या दारातून गेला की पुढची फेरी थोडी अवघड केली जाते. खालच्या वेगांवर दर फेरीला बोटीचा वेग ताशी तीन किलोमीटरने वाढतो. आपल्या गटाचा कमाल वेग आला की वेग वाढणे थांबते आणि तेथून पुढे दोर आखडला जातो. कोर्स तोच, वेग तोच, बोटही तीच. बदलतो तो फक्त दोर. त्याच्या लांबीचे टप्पे ठरलेले आहेत : १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५ आणि ९.५. हे टप्पे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते, की सुरुवातीला दोर सव्वादोन-पावणेदोन मीटरने कमी होतो आणि शेवटी शेवटी केवळ अर्ध्या, अखेरीस तर पाव मीटरने. वरच्या पातळीवर पाव मीटरही पुरेसा असतो. दोरावर प्रत्येक लांबीसाठी वेगळ्या रंगाचा फासा असतो. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा अशा क्रमाने तो बोटीच्या मध्यभागी असलेल्या खांबात अडकवतात. स्कीअरच्या तोंडी मात्र बऱ्याचदा जुनी फुटांची भाषा असते. मूळ दोर ७५ फुटांचा धरून त्यातून किती फूट कमी केले ते सांगण्याची ही पद्धत असल्यामुळे ११.२५ मीटरला ‘अडतीस ऑफ’ म्हणतात आणि १०.२५ मीटरला ‘एकेचाळीस ऑफ’.

दोर आखडल्याने एवढे काय बिघडते? साध्या भूमितीने पाहू. दोर १८.२५ मीटरचा असेल, तर हँडल बोयाच्या रुंदीला, म्हणजे मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर पोहोचण्यासाठी दोराने बोटीच्या रेषेशी सुमारे ३९ अंशांचा कोन केला की पुरते. स्कीअर तेव्हा बोटीच्या बराच मागे असतो. दोर १४.२५ मीटरचा झाला की हाच कोन ५४ अंशांपर्यंत जातो, आणि १२ मीटरवर ७३ अंशांपर्यंत. म्हणजे स्कीअर जवळजवळ बोटीच्या बाजूला येऊन उभा राहतो. पुढचा टप्पा ११.२५ मीटरचा, आणि येथे दोर बोयाच्या अंतरापेक्षाच तोकडा पडतो. तो बोटीशी काटकोनात ताणला तरी हँडल बोयापर्यंत पोहोचू शकत नाही. उरलेले अंतर माणसाने आपल्या शरीराने भरून काढायचे असते. दोर ९.७५ मीटरचा असताना ७५ अंशांपर्यंत वर आलेल्या स्कीअरचे हँडल बोयाच्या दोन मीटर आतच राहते. तेव्हा तो एका हाताने हँडल धरून हात पूर्ण लांब करतो, शरीर पाण्याकडे झोकून देतो, खांदा पाण्यालगत येतो, आणि पायांखालची स्की बोयाच्या पलीकडून फिरते. डोके बोयाच्या आतल्या बाजूला आणि पाय बाहेरच्या बाजूला, असे ते दृश्य असते. छायाचित्रात पाहणाऱ्याला हा तोल गेल्याचा क्षण वाटतो. प्रत्यक्षात तो सगळ्यात सांभाळलेल्या तोलाचा क्षण असतो.

आखूड दोराची दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. लहान दोराचा लंबक लवकर झुलतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. येथेही दोर आखडला की स्कीअर मध्यरेषेकडून बाहेर फार वेगाने फेकला जातो आणि बोटीच्या बाजूला वर चढत जातो. तेथे पोहोचेपर्यंत त्याचा पुढे जाण्याचा वेग उतरलेला असतो, बोट मात्र त्याच वेगाने पुढे निघालेली असते. म्हणजे बोयापाशी तो जवळपास रेंगाळतो आणि मध्यभागी बोटीच्या वेगापेक्षा खूप अधिक वेगाने पाणी कापतो. प्रत्येक अडीच सेकंदांत एकदा हा चढउतार. लांब दोरावर नुसत्या ताकदीच्या जोरावर चूक सावरता येते. आखूड दोरावर ताकद लावणाऱ्यालाच आधी हिसका बसतो. म्हणून चांगले प्रशिक्षक ‘जोरात ओढ’ असे क्वचितच सांगतात. घोटे, कंबर आणि खांदे एका रेषेत ठेवून शरीराचे वजन दोराविरुद्ध टाकावे, आणि हात कोपरात न वाकवता हँडल कमरेजवळ राहू द्यावे, हीच सूचना ते वर्षानुवर्षे देत राहतात.

गुणांची मोजणी आता सोपी वाटेल. ‘१०.७५ वर ३’ याचा अर्थ असा, की त्या स्कीअरने ११.२५ मीटरच्या दोरावर सहाही बोये पूर्ण केले आणि १०.७५ मीटरवर तीन. शेवटच्या बोयासाठी पाव किंवा अर्धा गुणही मिळू शकतो. बोयाला बाहेरून वळसा घातल्यावर ताणलेल्या दोरासह स्कीअर आत कितपत परत आला, यावर ते ठरते. बोयाला स्कीचा निसटता स्पर्श झाला तर चालते, पण स्कीअर बोयाच्या आतल्या बाजूने गेला तर फेरी तेथेच संपते. प्रवेशद्वार चुकले तर त्या फेरीचे गुण शून्य, मग पुढचे सहाही बोये कितीही देखणे का असेनात. दाराबद्दल एवढा कडकपणा का, हा प्रश्न नवशिक्या प्रेक्षकाला हमखास पडतो. त्याचे उत्तर असे, की दार हीच सर्वांसाठी समान सुरुवात आहे. दाराच्या बाहेरून येणाऱ्याला पहिल्या बोयासाठी अधिक रुंदी आणि अधिक वेळ आयता मिळतो, आणि तसे झाले तर दोन जणांच्या आकड्यांची तुलना करण्याला काही अर्थ उरत नाही.

या शेवटच्या टप्प्यांवरची प्रगती किती संथ असते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ९.७५ मीटरवरचा पहिला बोया पुरुषांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गाठला. ब्रिटनचा अँडी मॅपल हा त्या काळातला सर्वांत मोठा स्कीअर. त्याच दोरावर अडीच बोयांचा विश्वविक्रम अमेरिकेच्या नेट स्मिथने केला तो २०१३ मध्ये. मधल्या काळात स्की कार्बन फायबरच्या झाल्या, बोटी सुधारल्या, वेगनियंत्रण संगणकाकडे गेले, आणि तरीही सुमारे पंधरा वर्षांची कमाई होती दीड बोया. मला या खेळातली सर्वांत आदर वाटणारी गोष्ट हीच आहे, कारण वरच्या टोकाला असलेला माणूस ज्या अर्ध्या बोयासाठी वर्षभर घासतो, त्याच अर्ध्या बोयासाठी तलावावरचा साधा सभासदही घासत असतो. फक्त दोघांचा दोर वेगळा असतो.

हा आकडा सर्वत्र सारखा मानला जातो याचे श्रेय मात्र स्कीअरचे एकट्याचे नाही. बोटीच्या चालकाचे उदाहरण घ्या. स्कीअर एका बाजूने पूर्ण वजन टाकून ओढतो तेव्हा बोटीची मागची बाजू त्याच्याकडे खेचली जाते. चालकाने काहीच केले नाही तर बोट रेषेवरून सरकते आणि सरकलेली बोट स्कीअरला बोयाच्या जवळ नेते किंवा दूर. त्यामुळे ओढ बसण्याच्या किंचित आधी चालकाला सुकाणूचे चाक जरासे विरुद्ध दिशेला न्यावे लागते आणि ओढ सुटताच परत आणावे लागते. सोळा सेकंदांत सहा वेळा हे घडते. चांगल्या चालकाचे हात पाहिले तर हलतात की नाही असे वाटते, आणि आरशात मागे पाहण्याचा मोह तर तो होऊच देत नाही. त्याची नजर समोरच्या बोयांच्या जोड्यांवर असते, मागे काय चालले आहे ते त्याला बोटीच्या हालचालीतून कळते. स्कीअर नवीन तलावावर गेला की सर्वप्रथम ‘चालक कोण आहे’ असे विचारतो, यात नवल नाही.

वेगही पूर्वी चालकाच्याच हातात होता. तो इंधनाच्या दांड्यावर हात ठेवून बोटीचा वेग सांभाळायचा आणि स्टॉपवॉचवर कोर्सची वेळ घेतली जायची. वेळ ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर फेरी पुन्हा घ्यावी लागायची. नंतर परफेक्टपास नावाची वेगनियंत्रण यंत्रणा आली आणि पुढे उपग्रहांच्या साहाय्याने वेग मोजणारी झीरो ऑफ आली. स्कीअर ओढतो तेव्हा बोट मंदावू पाहते. झीरो ऑफ ते ओळखून इंजिनाला ताकद पुरवते. ही ताकद केव्हा आणि किती जोराने यावी, हे ए-बी-सी अशी अक्षरे आणि एक-दोन-तीन असे आकडे यांच्या जोडीतून निवडता येते. वजनदार माणूस आणि सडपातळ मुलगी यांना एकच जोडी मानवेल असे नाही, म्हणून दोर हातात घेण्याआधी स्कीअर चालकाला वेग, दोराची लांबी आणि ही जोडी या तिन्ही गोष्टी सांगतो.

चालकाशिवाय बोटीत पंच बसलेला असतो आणि किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांत आणखी पंच असतात. प्रत्येक जण स्वतंत्रपणे गुण देतो आणि बहुमताने जो आकडा निघतो तो नोंदवला जातो. दारांवर कॅमेरे रोखलेले असतात. स्पर्धेपूर्वी तांत्रिक नियंत्रक कोर्सची मोजणी करून घेतो. बोया पाण्यावर तरंगत असला तरी त्याची जागा सर्वेक्षणाच्या उपकरणांनी तपासली जाते. दोरसुद्धा ताण देऊन मोजले जातात, कारण वापराने दोर लांबतो, आणि जेथे पाव मीटर हा एक अख्खा टप्पा असतो तेथे लांबलेल्या दोराने स्कीअरला फुकटचा लाभ होतो. विक्रमाला मान्यता मिळू शकेल अशा स्पर्धांत ही तपासणी सर्वांत कडक असते, साध्या क्लबच्या स्पर्धेत थोडी सैल. पण तत्त्व एकच.

आणि ही सगळी कामे कोण करतो? स्वतः स्पर्धकच. सकाळच्या गटात स्की करून आलेली व्यक्ती ओला सूट बदलून मनोऱ्यात पंच म्हणून चढते, दुपारी गुण लिहिते, आणि संध्याकाळी तिच्याच प्रतिस्पर्ध्याला बोटीने ओढते. बाहेरून पाहणाऱ्याला येथे हितसंबंधांचा गुंता दिसेल. मला मात्र असे वाटते, की खेळाचा प्रामाणिकपणा टिकला तो यामुळेच. आज मी तुझा पाव बोया नाकारला तर उद्या तू माझा नाकारणार आहेस, आणि दोघांनाही तो योग्य कारणासाठी नाकारला जावा असेच वाटते, कारण चुकीच्या पद्धतीने वाढलेला आकडा दुसऱ्या तलावावर गेल्यावर उघडा पडतो. पंच होण्यासाठी, चालक होण्यासाठी परीक्षा आणि अनुभवाच्या पायऱ्या आहेत, आणि त्या चढण्यासाठी लोक आपले सुट्टीचे दिवस देतात. या खेळात वरच्या पातळीवरही पैसा बेताचाच आहे. अनेक जागतिक विजेतेपदे आणि स्त्रियांचे स्लॅलमचे विक्रम नावावर असलेली रेजिना जॅक्वेस औषधनिर्माता म्हणून नोकरी करत आली आहे.

वॉटर स्कीइंगचा आरंभ १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसनने केला असे मानतात. अमेरिकेची राष्ट्रीय संघटना १९३९ मध्ये स्थापन झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये फ्रान्समधल्या ज्वां-ले-पँ येथे भरली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रदर्शनापुरता होता. कायमचे स्थान त्याला मिळाले नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या कॅलवे गार्डन्सला भरणारी मास्टर्स किंवा मेलबर्नच्या यारा नदीवरची मूम्बा मास्टर्स या मानाच्या स्पर्धा आहेत, पण खेळाचा रोजचा श्वास चालतो तो लहान क्लबांवर. क्लबचा तलाव बहुधा खास खणलेला, अरुंद आणि लांब असतो. दोन्ही टोकांना बोट वळवण्यासाठी जागा असते, कधी तेथे बेट ठेवलेले असते, म्हणजे वळणाऱ्या बोटीच्या लाटा कोर्समध्ये परत येत नाहीत. काठ उतरते असतात, कारण उभ्या भिंतीवरून लाट परतते. वारा पडलेला असतो अशी सकाळची वेळ सगळ्यांना हवी असते, आणि सभासदांमधले खरे वाद बहुधा त्या वेळेवरूनच होतात.

तलावाच्या धक्क्यावर बसलेल्या माणसांचे बोलणे ऐकले तर अर्धे बोलणे फिनबद्दल असते. स्कीच्या मागच्या टोकाखाली तळहाताएवढा धातूचा पत्रा उभा बसवलेला असतो, तो फिन. त्याची लांबी, खोली आणि स्कीच्या टोकापासूनचे अंतर कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. असे दहा भाग, म्हणजे पाव मिलिमीटर, एवढे फिन पुढे सरकवले तर वळणाचा स्वभाव बदलतो असे अनुभवी स्कीअर सांगतात, आणि त्यांच्या वळणांकडे पाहिले तर ते पटते. तरीही नवशिक्याने फिनच्या नादी लागू नये असेच मी म्हणेन. पहिली काही वर्षे दोष स्कीचा नसतो, उभे राहण्याचा असतो.

नव्या माणसाला थेट पूर्ण रुंदीच्या बोयांवर सोडत नाहीत. बऱ्याच तलावांवर आतल्या बाजूला कमी रुंदीचे बोये लावलेले असतात. तेथे लय सापडली, म्हणजे कोणत्या क्षणी ओढ सोडायची हे शरीराला कळले, की बाहेरच्या बोयांचा प्रयत्न सुरू होतो. वेगही कमी ठेवतात. वयोगटांप्रमाणे स्पर्धा होतात आणि वयानुसार कमाल वेग कमी केला जातो, त्यामुळे सत्तरीतले स्कीअरही नियमाने स्पर्धेत उतरतात. एकाच दिवशी एकाच कोर्सवर दहा वर्षांची मुलगी, तिची आई आणि आजोबा असे तिघेही स्की करतात, आणि तिघांच्याही गुणांची नोंद एकाच वहीत होते.

पहिल्या स्पर्धेत नव्या स्कीअरचे काय होते, हे जवळून पाहण्यासारखे असते. धक्क्यावर नाव पुकारले जाते. जीवरक्षक जाकीट घट्ट केले जाते, पाय बुटात कोंबले जातात, हँडल हातात येते, आणि बोटीतून वेगाची खातरजमा होते : ‘एकोणपन्नास, लांब दोर, बरोबर?’ बोट निघते, दार जवळ येते. पहिला बोया होतो, दुसरा थोडा उशिरा, तिसऱ्यावर दोर सैल पडतो, हिसका बसतो आणि हँडल हातातून निसटते. पाण्यात पडलेला स्कीअर सर्वप्रथम हात वर करून आपण ठीक असल्याची खूण करतो. ही खूण दिसेपर्यंत बोटीतले कोणीही गुणांकडे पाहत नाही. मग मनोऱ्यांतले पंच आपापला आकडा सांगतात, गुणलेखक तो वहीत उतरवतो आणि दोर गुंडाळला जातो. ओल्या कपड्यांनिशी धक्क्यावर परतलेल्या नवख्याला कोणीतरी टॉवेल देतो, आणि पाच मिनिटांत त्याला मनोऱ्यात अनुभवी पंचाशेजारी बसवले जाते, कारण पुढचा गट सुरू व्हायचा असतो आणि बोये मोजायला शिकणारी डोळ्यांची आणखी एक जोडी हवीच असते.